खळ, बेगड आणि पडदा

श्रावण लागला की गिरगावातल्या फणसवाडीतली आमची पिढी संध्याकाळी चाळीच्या तळमजल्यावर जमायची. कुणी बँकेत कारकून, कुणी गिरणीत, कुणी अजून मॅट्रिकला. जे. जे. स्कूलमध्ये जाणारा एखादाच असायचा आणि सजावटीत त्याचा शब्द शेवटचा. आता ज्याला मिश्र माध्यम म्हणतात ते आम्ही गणपतीच्या देखाव्यात करायचो. बांबूचा सांगाडा, त्यावर जाळी, जाळीवर प्लॅस्टरमध्ये बुडवलेलं गोणपाट, म्हणजे डोंगर. हिरवा रंग दिलेला भुसा म्हणजे गवत. मारुतीचा हात हलायचा तो मोटारीच्या जुन्या वायपरच्या मोटरवर. देवळाचं शिखर करायचं ठरलं तर गल्लीतच दाक्षिणात्य घडणीचं व्यंकटेशाचं देऊळ उभं होतं; वही घेऊन जायचं आणि रेघांवर रेघा काढून आणायच्या.

आता आराखडा लॅपटॉपवर होतो आणि कमानी यंत्रावर कापून येतात. दोन्ही बाजू तंतोतंत सारख्या. आमच्या कमानीची डावी बाजू नेहमी उजवीपेक्षा बोटभर जाड, आणि ती कुणी कापली हे अख्ख्या वाडीला कळायचं.

सगळ्यात जास्त आठवते ती खळ. मैदा पाण्यात कालवून मंद आचेवर ढवळत राहायचा, गुठळी होऊ द्यायची नाही, उतरवताना चिमूटभर मोरचूद टाकायचा, म्हणजे झुरळं लागत नाहीत. हे काम आमच्यापैकी कुणालाच नीट जमायचं नाही. दुसऱ्या मजल्यावरच्या काकू स्वयंपाक आटोपला की पातेलं चढवायच्या. त्यांच्या दारात पत्र्याचा डबा घेऊन उभं राहणं, गरम डबा फडक्यात धरून जिना उतरणं, आणि निवायच्या आत पताका चिकटवून संपवणं हा रोजचा क्रम. घोटीव कागद आणि जिलेटीन अब्दुल रहमान स्ट्रीटवरून यायचा, दिव्यांच्या माळा लोहार चाळीतून. सगळी खरेदी पायी, कारण टॅक्सीचे पैसे वर्गणीतून घ्यायची लाज वाटायची.

आज गोंदाची बाटली घरपोच येते. ती जास्त घट्ट चिकटवते, हे मान्यच केलं पाहिजे.

आणखीही बरंच मान्य केलं पाहिजे. आमच्या वेळी मुलींना रांगोळी आणि हार यांच्या पलीकडे येऊ देत नसत. ज्यांच्या बोटांत आमच्यापेक्षा कितीतरी जास्त कला होती, त्या गॅलरीतून बघत राहायच्या. वायरींचे जोड उघडे असायचे, झटका बसणं रोजचंच. पुढे थर्मोकोल आला आणि आम्ही कागद-बांबू विसरलो. तापवलेल्या तारेने तो कापताना निघणारा धूर बंद खोलीत रात्रभर छातीत जायचा. विसर्जनाच्या दुसऱ्या सकाळी गिरगाव चौपाटीवर प्लॅस्टरचे हात, सोंडा, मुकुट परत आलेले दिसायचे. निकदवरी लेनचा गणपती 1928 पासून बसतो आणि उंच असूनही शाडूचा असतो. केशवजी नाईक चाळीत 1893 पासून उत्सव चालू आहे, आणि तिथली मूर्ती आजही लहानच. म्हणजे वेगळा रस्ता चार गल्ल्यांवर होता.

नव्या लोकांनी तो रस्ता धरला. 2018 मध्ये राज्याने प्लॅस्टिकबरोबर थर्मोकोलवर बंदी आणली, तेव्हा मंडळं गडबडली. मग पुठ्ठा, कापड, ज्यूट, कागदाचा लगदा परत आला. प्लॅस्टरच्या मूर्तींचा वाद 2025 मध्ये उच्च न्यायालयात गाजला, आणि महापालिकेने मूर्तिकारांना शाडू माती मोफत दिली. आता वाड्यांमधल्या सजावटीच्या चमूत मुली आराखडा करतात, करवत चालवतात, वीजजोडणी तपासतात. चमू मोठाही झाला आहे. आम्ही वाडीपुरते होतो. आज कॉलेजातले मित्र, मैत्रिणींच्या मैत्रिणी, ज्यांचा गिरगावशी काही संबंध नाही असेही कामाला येतात. पैसे कुणी घेत नाही, तेव्हाही घेत नव्हतं.

मग नाहीसं काय झालं? रात्र. आम्ही खाली काम करायचो आणि झोप आली की जिना चढून घरी. तीन वाजता कुणाची तरी आई गॅलरीतून खाली हाक मारायची आणि किटलीभर चहा यायचा. आजचे निम्मे कार्यकर्ते डोंबिवलीत, विरारला, बोरिवलीला राहतात. चाळी पुनर्विकासात गेल्या, काही इमारती मेट्रोच्या स्थानकासाठी पडल्या, माणसं पांगली. शेवटची लोकल गाठायची म्हणून रंग ओला असतानाच ब्रश धुतला जातो. हात तेवढेच कुशल आहेत, कदाचित जास्तच. हाकेच्या अंतरावर घर मात्र अनेकांचं नाही.

आणि पडदा गेला. चतुर्थीच्या आदल्या रात्रीपर्यंत मांडवापुढे चादरी, साड्या, गोणपाट जोडून आडोसा असायचा. शेजारच्या वाडीची पोरं फटीतून डोकावायची, आम्हीही त्यांच्याकडे हेर पाठवायचो. पहाटे पडदा खाली आला की पहिल्यांदा बघायचा मान वाडीतल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाचा. आता पहिला बांबू रोवल्यापासून रोज फोटो टाकले जातात. त्यात उत्साह आहे, मदतही पटकन मिळते. पण चतुर्थीला बघायचं काही उरलेलं नसतं. याचं मला मनापासून वाईट वाटतं.

तरी त्या फोटोंखाली एक गोष्ट असते जी आम्ही कधीच केली नाही. कागद कुणी कापला, रंग कुणी दिला, दिवे कुणी जोडले, प्रत्येकाचं नाव लिहिलेलं असतं. आमच्या फलकावर फक्त मंडळाचं नाव. अकराव्या दिवशी देखावा मोडायचा, बांबू जिन्याखाली, बेगड कचऱ्यात. ज्यांनी वर्षानुवर्षं ही कामं उभी केली त्यांची नावं कुठल्याच वहीत नाहीत. खळ शिजवणाऱ्या काकूंचं तर नाहीच नाही.

गिरगाव सोडून गेलेल्यांच्या माळ्यावर जुन्या देखाव्यांचे फोटो नक्की असतील. ते काढा, मागे वर्ष आणि आठवतील तेवढी नावं लिहा, आणि आपापल्या मंडळाला नेऊन द्या. जमलं तर श्रावणातला एक रविवार तिथेच थांबा आणि खळ कशी शिजवतात ते नव्या मुलांना दाखवा.