वरचं नाव

संगणकाचा कर्नल कोसळतो तेव्हा जाता जाता एक चिठ्ठी लिहून ठेवतो. तिला स्टॅक ट्रेस म्हणतात. माझ्या नोकरीतला बराच वेळ या चिठ्ठ्या वाचण्यात जातो. त्या वाचता वाचता माणसांबद्दलही थोडंफार कळलं, म्हणून हे लिहितोय. आमची मावशी आणि काका वाचणार आहेत, तेव्हा जाणकारांनी पुढचा परिच्छेद गाळला तरी चालेल :)

कर्नल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा. मी लिनक्सबद्दल बोलतोय. त्यातलं काम चालतं आपल्या सणाच्या दिवसासारखं. पुरण शिजतंय, वेलदोडे संपलेत म्हणून वाण्याकडे. वाण्याकडे सुटे नाहीत म्हणून समोरच्या पानवाल्याकडे. दर वेळी हातातलं काम अर्धं टाकून जायचं, पण परत कुठे यायचं ते लक्षात ठेवायचं. कर्नल हे परतीचे पत्ते एकावर एक रचत जातो. ती रास म्हणजे स्टॅक. रास फार मोठीही नसते; ६४-बिट एक्स८६ यंत्रावर एका कामाला साधारण १६ किलोबाईट, आणि २०१४ पर्यंत तर ८ च. पानवाल्याच्या दारात ठेच लागून पडलं, की पत्ते वरून खाली वाचायचे: पानवाला, वाणी, पुरण. झाला ट्रेस!

वाचायला सोपं, पण हे लिहायचं कुणी? जो पडलाय त्यानंच. म्हणून तेव्हा होईल तितकं कमी करायचं असतं. पत्ते म्हणजे नुसते आकडे. ते टिपून घेणं हे एक काम, आणि छापताना त्यांची नावं शोधणं हे वेगळं. नावांसाठी कर्नल स्वतःजवळ एक तक्ता बाळगतो; त्यातून फंक्शनचं नाव, आपण त्यात किती बाईट आत होतो आणि फंक्शन एकूण किती लांब, एवढं छापलं जातं.

राशीत पुढचा पत्ता नेमका कुठे आहे हे कळण्यासाठी पूर्वी प्रत्येक फंक्शन सुरुवातीलाच एक खूण करून ठेवायचं. त्या खुणेपायी काही कामं ५ ते १० टक्के मंदावतात, असं मेल गॉर्मन यांच्या मोजमापात दिसलं. मग २०१७ मध्ये ४.१४ आवृत्तीत नवी रीत आली: खुणा करायच्याच नाहीत, आधीच एक कोष्टक बनवून ठेवायचं. तिचं नाव ऑर्क. प्रोग्रॅमच्या फाईलच्या साच्याचं नाव एल्फ, डीबगिंगच्या माहितीचं ड्वार्फ, मग आणखी काय ठेवणार? कर्नलवाल्यांचे विनोद हे असे.

मला यातली सगळ्यात आवडती गोष्ट म्हणजे एक प्रश्नचिन्ह. राशीत जुन्या, संपलेल्या कामांचे पत्तेही पडून राहिलेले असतात. एक्स८६ वर कर्नल तेही छापतो, पण ज्याची खात्री पटत नाही त्याच्या आधी '?' लावतो. म्हणजे, इथे एक नाव दिसतंय खरं, पण हा त्या वाटेवर होताच असं मी म्हणत नाही. स्वतः मरताना एवढी सचोटी!

माणसं असं चिन्ह लावत नाहीत. एका कंपनीत असताना आमच्या टीममध्ये एक मुलगी होती, नोकरीचं पहिलंच वर्ष. यंत्रं अधूनमधून कोसळायची आणि ट्रेसमध्ये सगळ्यात वर तिच्या ड्रायव्हरचं फंक्शन. मीटिंगमध्ये साहेब म्हणाले, "नाव तर तुमचंच आहे." पुढे काही बोलायची सोयच नव्हती. तीन आठवडे ती रात्री उशिरापर्यंत स्वतःचा कोड ओळीओळीनं तपासत बसायची. त्यात काहीच सापडेना.

वरचं नाव ठेच कुठे लागली ते सांगतं. दगड कुणी ठेवला ते सांगत नाही.

शेवटी तिनं आणि मी केसॅन चालू करून कर्नल बांधला. २०१५ साली ४.० मध्ये आलेली ही सोय मेमरीच्या दर ८ बाईटांवर १ बाईटाचा पहारा ठेवते. यंत्र पार मंदावतं, पण चूक झाली की एकाऐवजी तीन ट्रेस मिळतात: मेमरीला हात कुणी लावला, ती मागितली कुणी आणि परत करून टाकली कुणी. एवढे ट्रेस साठवायचे म्हणजे जागा किती लागेल? तर सारखे ट्रेस एकदाच ठेवतात आणि मेमरीच्या तुकड्याशी फक्त त्याचा क्रमांक नोंदतात.

दुसऱ्या दिवशी दुपारी सापडलं. हात तिचा, मागणीही तिचीच. पण परत करणारा भलताच होता. दुसऱ्या टीमचं एक मॉड्यूल, स्वतःचं काम फसल्यावर आवराआवर करताना, अजून वापरात असलेली मेमरी सोडून देत होतं. दुरुस्ती दोन ओळींची. मेल आलं, "इश्यू क्लोज्ड." तिला कुणी काही म्हणालं नाही. तिचं अप्रेझल आदल्याच आठवड्यात उरकलं होतं, आणि ते पुन्हा उघडलं गेलं नाही.

ती आता दुसरीकडे असते, हाताखाली माणसं आहेत. नवीन आलेल्यांना ती पहिल्याच दिवशी सांगते म्हणे, की वरचं नाव बघून कुणाला हाक मारायची नाही, आधी तिसरा ट्रेस दाखवा.

असो. कर्नलमध्ये त्या तिसऱ्या ट्रेससाठी कुणीतरी जागा करून ठेवली. अप्रेझलच्या फॉर्ममध्ये अजून तसा रकाना नाही.