थांबणारा बंब

ज्यांचे बालपण वांद्र्यास गेले, त्यांस विमानाचा आवाज घड्याळाच्या टोल्यांइतकाच परिचयाचा असतो. संध्याकाळी कार्टर रोडच्या कट्ट्यावर बसले म्हणजे उत्तरेस, जुहूच्या बाजूस, विमाने समुद्रावरून वर चढताना दिसतात. परंतु लहानपणी आमचे मन विमानांपेक्षा आगीच्या बंबावर अधिक जडले होते. घंटा वाजवीत बंब निघाला, की सारी रहदारी दुभंगून त्यास वाट देते, यात आम्हांस मोठे राजवैभव वाटे. जो दुसऱ्याचे प्राण वाचवावयास निघाला, त्यास जगात कोणीही अडवू नये, असा आमचा ठाम समज होता.

हा समज एका पावसाळी रात्री आम्हांस भोवला. शेजारच्या आजोबांच्या छातीत कळ आली. रुग्णवाहिका बोलाविली, परंतु चालकास आमची गल्ली सापडेना. त्यास वाट दाखवावी म्हणून आम्ही धावत सुटलो आणि डावीउजवीकडे न पाहता थेट हिल रोडवर उतरलो. समोरून येणाऱ्या टॅक्सीवाल्याने करकचून ब्रेक लावला, म्हणूनच आज आम्ही हे लिहीत आहोत. ती टॅक्सी रस्त्यात आडवी झाली आणि रुग्णवाहिका तिच्यामागे अडकून पडली. आजोबा वाचले, हे आमचे भाग्य. दुसऱ्या दिवशी वडील एवढेच म्हणाले, "बाळ, तू मदतीस गेलास, आणि तेथे दुसरा अपघात होणार होता." ते बोल आमच्या जिव्हारी लागले.

पुढे विमानतळाच्या व्यवस्थेविषयी वाचू लागलो, तेव्हा वडिलांचे तेच वाक्य तेथे नियम होऊन बसलेले आढळले. आपल्या विमानतळावर दोन धावपट्ट्या आहेत. एकीस ०९-२७ व दुसरीस १४-३२ म्हणतात. हे आकडे होकायंत्रावरील दिशेचे असून २७ म्हणजे २७० अंश, अर्थात पश्चिम. या पट्ट्या फुलीप्रमाणे एकमेकींस छेदतात, त्यामुळे एकीवरील घोटाळा दुसरीसही जाचू शकतो. १४ सप्टेंबर २०२३ रोजी पावसात एक छोटे विमान येथे धावपट्टीवरून घसरले. आतील आठही जण वाचले. ८ जून २०२४ रोजी तर एक विमान उड्डाणासाठी धावत असतानाच त्याच पट्टीवर मागून दुसरे उतरले. कोणास इजा झाली नाही. पण अंतर किती थोडे असते, ते दिसून आले.

आंतरराष्ट्रीय मानक असे सांगते, की दुर्घटना घडताच पहिल्या बंबाने तीन मिनिटांच्या आत धावपट्टीच्या कोणत्याही भागी पोहोचावे. शक्य तर दोनच मिनिटांत. इतकी घाई असूनही त्याच बंबास नियंत्रकाच्या परवानगीवाचून चालू धावपट्टीवर चाक टाकता येत नाही. तांबड्या पाटीवर पांढरे आकडे दिसले, जमिनीवर पिवळ्या अखंड रेषा आल्या, किंवा तांबड्या दिव्यांची ओळ लागलेली असली, की थांबावयाचे, बिनतारी संदेशाने विचारावयाचे, आणि मिळालेला हुकूम जसाच्या तसा परत म्हणून दाखवावयाचा. बाहेरून मदतीस आलेल्या पोलिसांनी व रुग्णवाहिकांनी ठरलेल्या जागी जमावे आणि वाटाड्या गाडीच्या मागूनच आत जावे. कारण उघड आहे. टॅक्सीस ब्रेक लावता आला. ताशी सुमारे अडीचशे किलोमीटर वेगाने टेकलेल्या विमानास ऐन वेळी ना थांबता येते, ना वळता येते. तेथे भोंग्याचा काहीच उपयोग नाही.

हा नियम चुकल्याची किंमत जगाने मोजली आहे. १८ नोव्हेंबर २०२२ रोजी पेरू देशातील लिमा येथे बंब किती वेगाने पोहोचतात, याचीच तालीम चालली होती. एक बंब परवानगीवाचून धावपट्टीवर गेला आणि उड्डाण करणाऱ्या विमानाशी त्याची टक्कर झाली. प्रवासी बचावले, पण बंबावरील जवान प्राणास मुकले. २ जानेवारी २०२४ रोजी टोकियोच्या हानेडा विमानतळावर भूकंपग्रस्तांसाठी मदत नेणारे तटरक्षक दलाचे विमान धावपट्टीवर शिरले. नियंत्रकाने त्यास 'तुमचा क्रमांक पहिला' असे सांगून पट्टीच्या अलीकडे थांबावयास सांगितले होते. परंतु कप्तानाचा समज परवानगी मिळाल्याचा झाला. त्याच वेळी उतरणारे मोठे विमान त्यावर आदळले. मोठ्या विमानातील ३७९ जण जळत्या विमानातून बाहेर पडले. मदत नेणाऱ्या सहांपैकी पाच जण मात्र गेले. त्यांच्या हेतूत काय उणे होते? काहीच नाही. पण धावपट्टी कोणाचा हेतू पाहत नाही.

मुलांनो, तुमच्यापैकी कोणी उद्या पोलीस होईल, कोणी अग्निशामक दलात जाईल, कोणी डॉक्टर. धावण्याचे धैर्य तुमच्या वयास निसर्गच देतो. ऐन घाईत क्षणभर थांबून विचारण्याचे धैर्य मात्र शिकावे लागते.

आजोबा बरे होऊन घरी आले, तेव्हा त्यांनी आम्हांस जवळ बोलाविले. आम्ही खाली मान घालून उभे राहिलो. ते म्हणाले, "धावलास हे चांगलेच केलेस. पुढच्या वेळी कडेला जरा थांब, बघ, आणि मग धाव. मला तूही हवा आहेस."