चार अक्षरे, चार प्रश्न

2019 च्या जानेवारीत आम्ही उभयता लेकीकडे न्यू जर्सीला गेलो, तेव्हा चार वर्षांची नात एका ज्यू समाजकेंद्राच्या बालशाळेत जात होती. कारण अगदीच व्यावहारिक होते. शाळा घराजवळ होती आणि इतर धर्मांच्या मुलांनाही तेथे प्रवेश होता. मला मात्र धास्ती वाटली. आमच्या लातुरात मूल बोलू लागते न लागते तोच त्याच्या बारावीची चिंता सुरू होते. 'लातूर पॅटर्न'चा अभिमान बाळगणारे आपण लोक. तेव्हा ही पोर तेथे शिकते तरी काय, हे पाहावे म्हणून तिला आणायला मीच जाऊ लागलो.

दर शुक्रवारी ती वेणीसारखा वळलेला एक छोटा पाव घेऊन बाहेर येई. शब्बाथसाठी मुलांनी स्वतः मळलेला. त्या दिवशी वर्गात दोन मेणबत्त्या लागत, द्राक्षाच्या रसाचा घोट मिळे, आणि त्याआधी प्रत्येक मूल एका डब्यात नाणे टाकी. या दानाला हिब्रूत जो शब्द आहे त्याच्या मुळाशी न्याय ही कल्पना आहे, दया नव्हे. हे चार वर्षांच्या मुलांना कळते असा माझा दावा नाही. पण डबा आधी आणि पाव नंतर, हा क्रम त्यांच्या हाताला कळलेला होता.

अक्षरेही अशीच, हाताने. कणकेच्या वळ्या करून 'आलेफ' आणि 'बेत' बनवायचे. मध्ययुगीन युरोपातील ज्यू मुलांच्या पहिल्या पाठाला पाटीवरच्या अक्षरांना मध लावीत आणि तो मुलाला चाटायला देत, असे पूर्वी वाचले होते. वाचताना मला नांदेडची आमची गल्ली आठवली होती. दसऱ्याला आमचे पाटीपूजन होई; पाटीवर एक या अंकाच्या रेघांची सरस्वती काढायची आणि तिला हळदकुंकू वाहायचे. शेजारच्या घरी मूल चार वर्षे, चार महिने, चार दिवसांचे झाले की बिस्मिल्ला होई. त्याची मिठाई आम्हा सगळ्यांना मिळे. सचखंड गुरुद्वाऱ्याच्या बाजूने येणारा माझा वर्गमित्र 'ऊडा, ऐडा, ईडी' असे काहीसे म्हणे आणि आम्ही हसत असू. धुळाक्षरांचे तीन मार्ग एका गल्लीत होते. आपला तेवढा खरा, असेही आम्हाला वाटे. असो.

एप्रिलमध्ये वल्हांडण आला. (मराठी बायबलाने या सणाला दिलेले हे नाव मला फार आवडते.) मिसर देशातील गुलामीतून सुटका झाल्याची ही आठवण. बालशाळेत आधीच एक लुटुपुटीचे जेवण मांडले होते: बिनखमिराची कडक भाकरी, कडू पाला, अश्रूंसाठी खारे पाणी. पण खरी तयारी निराळीच होती. या रात्री घरातील सर्वांत लहान मुलाने प्रश्न विचारायचे असतात. ही रात्र वेगळी का, अशा आशयाचे चार ठरलेले प्रश्न. ते विचारले गेल्यावर मग मोठी माणसे गोष्ट सांगू लागतात. जेवायला कोणी एकटाच असेल तर त्याने ते स्वतःलाच विचारावेत, असेही त्यांच्या परंपरेत सांगितले आहे. पंधरा दिवस ही मुले प्रश्न पाठ करीत होती. उत्तरे पाठ करणारी बालवाडी मी जन्मभर पाहिली आहे. प्रश्न पाठ करणारी प्रथमच पाहत होतो.

साहित्याच्या विद्यार्थ्यांना हे सांगायला हवे की हे प्रश्न मराठीतही फार पूर्वी विचारले गेले आहेत. कोकणात शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून 'शनवार तेली' म्हटले गेलेले बेने इस्राएल मराठीच बोलत. त्या रात्री वाचायची पोथी, हगादा, 1874 मध्ये पुण्यात हिब्रू आणि मराठीत छापली गेली. पुढच्याच वर्षी हाईम सॅम्युएल केहिमकरांनी मुंबईत आपल्या समाजाच्या मुलांसाठी शाळा काढली. बायबलातील कथांवर मराठी कीर्तनेही या मंडळींनी रचली. आपल्या वाङ्मयेतिहासात त्यांना किती ओळी मिळतात, हे ज्याचे त्याने पाहावे.

आता मूळ मुद्दा. एका संध्याकाळी नात मला अक्षरे शिकवीत होती: आलेफ, बेत, गिमेल, दालेत. माझ्या तोंडून सहज निघून गेले, "अलिफ, बे, जीम, दाल." हा वडिलांचा 'अबजद'. अक्षरांनाच अंक मानून हिशेब करण्याची रीत. अलिफ एक, बे दोन. हिब्रूतही हाच क्रम, हेच अंक. वडील निजामी राजवटीत उर्दू माध्यमातून शिकले, तहसिलीत कारकून झाले. सप्टेंबर 1948 नंतर त्यांची उर्दू हळूहळू मुकी होत गेली. बोटांवर अबजद पुटपुटत ते हिशेब करीत, एवढीच तिची खूण उरली, आणि पत्र्याच्या पेटीत दहा-बारा वह्या. लहानपणी मी एकदा विचारले होते, "दादा, यात काय लिहिलंय?" ते म्हणाले, "जुनं आहे. ठेव तिथं." त्या वर्षी दोन्ही बाजूंनी काय काय घडले, ते घरात कोणी बोलत नसे. मीही पुन्हा विचारले नाही. आमच्याकडे गुणी मुलगा तोच, जो विचारीत नाही.

1987 मध्ये वडील गेले. लातूरला बिऱ्हाड हलवताना त्या वह्या मी रद्दीत घातल्या. मला त्यातले एक अक्षर वाचता येत नव्हते, आणि ज्यांना येत होते अशा दोन-तीन वृद्धांना दाखवावे असे सुचले नाही. सुचले नाही म्हणतो, पण ते तितकेसे खरे नाही. काय निघेल याची भीती होती.

नातीने माझे उच्चार दुरुस्त केले. मग विचारले, "आजोबा, तुम्हाला हे कुणी शिकवलं?" मी म्हणालो, "माझ्या दादांनी. म्हणजे शिकवलं नाही, मी ऐकलं." "ते लिहायचे पण?" "हो. पुष्कळ वह्या होत्या." "त्यात काय होतं?"

मला वाचता येत नव्हते, एवढेच मी तिला सांगितले. रद्दीचे सांगितले नाही. तिने तोच प्रश्न दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारला.