जे कार्ड गठ्ठ्यात नव्हते : एका संग्राहकाची टिपणे

१/ खेळाडूंची जुनी कार्डे जमविण्याचा छंद मला निगडीच्या यमुनानगरात, वयाच्या दहाव्या वर्षी लागला. आज चाकणच्या कारखान्यात नोकरी करताना, रविवारी सुट्टी असली की मी अजूनही मंगळवार पेठेतला जुना बाजार धुंडाळतो. या धाग्यात त्या कार्डांचा इतिहास सांगायचा आहे आणि त्यासोबत माझी एक चूकही.

२/ प्रारंभ परदेशातून करू. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सिगारेटची पाकिटे मऊ कागदाची असत. आतला माल दबू नये म्हणून त्यांत एक ताठ पुठ्ठा घालीत. त्या कोऱ्या पुठ्ठ्यावर चित्र छापले तर गिऱ्हाईक पुन्हा तेच पाकीट घेईल, हे व्यापाऱ्यांच्या ध्यानात आले. अमेरिकेत त्यांवर बेसबॉलपटू आले, इंग्लंडमध्ये क्रिकेटपटू. विल्स कंपनीने १८९६ मध्ये पन्नास क्रिकेटपटूंचा संच काढला. त्यात रणजितसिंहजींचेही कार्ड होते.

३/ या छंदातील सर्वांत गाजलेले कार्ड होनस वॅग्नर या बेसबॉलपटूचे. अमेरिकन टोबॅको कंपनीच्या १९०९ ते १९११ या काळातील संचातले त्याचे कार्ड लवकरच छापणे थांबले. कुणी म्हणतात, मुलांनी तंबाखूच्या नादी लागू नये म्हणून त्यानेच हरकत घेतली. कुणी म्हणतात, मोबदल्याचा प्रश्न होता. आज त्याच्या जेमतेम काही डझन प्रती उरल्या आहेत. २०२२ मध्ये त्यांतील एक ७२ लाख ५० हजार डॉलरला विकली गेली.

४/ त्याच महिन्यात मिकी मँटलचे १९५२ चे टॉप्स कंपनीचे कार्ड १ कोटी २६ लाख डॉलरला गेले. गंमत अशी की, त्या मालिकेची न खपलेली खोकीच्या खोकी पुढे समुद्रात बुडविल्याचे कंपनीच्या साय बर्गर यांनीच सांगून ठेवले आहे. जे कुणाला नको होते, त्याचेच मोल पुढे आभाळाला भिडले.

५/ आमच्याकडे सिगारेटची जागा बबलगमने घेतली. ‘बिग फन’च्या वेष्टनातून खेळाडूचे चित्र निघे, त्यावर धावा किंवा बळी छापलेले असत. मग ट्रम्प कार्डे आली. सामने, धावा, शतके, सर्वोच्च धावसंख्या, बळी; ज्याचा आकडा मोठा, त्याने समोरच्याचे पान घ्यायचे. माझ्याजवळ ब्रायन लारा होता. कसोटीतील त्याच्या ३७५ धावांपुढे आमच्या इमारतीतले कुणाचेही पान टिकत नसे.

६/ एका संध्याकाळी बाबा पहिली पाळी संपवून आलेले, जिन्यात आमचा डाव पाहत उभे होते. ते मूळचे कोल्हापूरकडचे. हसत म्हणाले, “अरे, चारशे त्रेचाळीस कुणाकडं आहे?” आम्ही गठ्ठा चाळला. असे पान नव्हते. “आमच्या भाऊसाहेब निंबाळकरांनी केल्यात,” ते म्हणाले. मी मित्रांदेखत उत्तरलो, “बाबा, काहीतरी थापा मारू नका. असते तर कार्डावर छापले असते.”

७/ बाबा काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला एक कार्ड दिले. कारखान्याच्या दारावर पंच करायचे, महिना उलटून गेलेले हजेरीचे कार्ड. एका बाजूस त्यांच्या येण्याजाण्याच्या वेळा उमटलेल्या. पाठीवर निळ्या शाईत : भाऊसाहेब निंबाळकर. संघ महाराष्ट्र. कसोटी ०. सर्वोच्च ४४३ नाबाद. मित्रांनी ते पान डावात घेतले नाही. मीही आग्रह धरला नाही.

८/ कॉलेजात असताना वाचनालयात आकडेवारीचा एक जाडजूड ग्रंथ हाती आला. त्यात तो सामना होता. डिसेंबर १९४८, रणजी करंडक, पुण्यातील पूना क्लबचे मैदान, महाराष्ट्र विरुद्ध काठियावाड. निंबाळकर ४४३ नाबाद : ४९४ मिनिटे, ४९ चौकार, एक षटकार. कमल भांडारकर यांच्या २०५. दोघांची दुसऱ्या गड्यासाठी ४५५ धावांची भागी.

९/ त्या वेळी प्रथम श्रेणी क्रिकेटमधील विक्रम डॉन ब्रॅडमनच्या नाबाद ४५२ धावांचा होता. आणखी नऊ धावांनी बरोबरी, दहांनी विक्रम. महाराष्ट्र ४ बाद ८२६ असताना मध्यंतर झाले आणि काठियावाडचे कर्णधार, राजकोटचे ठाकूरसाहेब यांनी सामना सोडून दिला. त्यांचा संघ मैदानात परतलाच नाही. पुढे हनीफ महंमद (४९९) आणि लारा (नाबाद ५०१) ब्रॅडमनच्या पुढे गेले. पण भारतीयाची सर्वोच्च प्रथम श्रेणी खेळी आजही निंबाळकरांचीच आहे.

१०/ त्यांना अधिकृत कसोटी सामना एकदाही मिळाला नाही. आमच्या गठ्ठ्यांत केवळ आंतरराष्ट्रीय खेळाडू असत, म्हणून निंबाळकर त्यांत नव्हते. पाळवणकर बाळूही नव्हते. पुण्यात युरोपियनांच्या क्लबात खेळपट्टीवर रूळ फिरवीत, साहेबांना सरावासाठी गोलंदाजी टाकीत घडलेला हा चर्मकार समाजातला फिरकीपटू. संघात घेतल्यावरही त्यांना चहा पॅव्हेलियनबाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात मिळे. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभरावर बळी घेतले. भारताचा पहिला कसोटी सामना १९३२ चा. त्यापूर्वीचे सारेच या डावातून बाद.

११/ त्या संध्याकाळी वाचनालयातून घरी येऊन मी बाबांना म्हटले, “तुमचे खरे होते.” ते शांतपणे म्हणाले, “खरंच होतं ते. तुमच्या पत्त्यांत जागा नव्हती, एवढंच.” मी क्षमा मागितली. त्यांनी वर्तमानपत्राचे पान उलटले.

१२/ निंबाळकर ११ डिसेंबर २०१२ रोजी कोल्हापुरात वारले. नऊच दिवसांनी, निगडीच्या पलीकडे, गहुंजेच्या नव्या मैदानावर पहिला आंतरराष्ट्रीय सामना झाला. आज जुन्या सांगवीचा ऋतुराज गायकवाड एका षटकात सात षटकार मारतो आणि ते काही मिनिटांत प्रत्येकाच्या मोबाइलवर पोचते. १९४८ च्या त्या मध्यंतराचे एखादे छायाचित्र मिळावे, म्हणून मी अजूनही जुन्या बाजारात गठ्ठे उपसत असतो.

१३/ माझ्या संग्रहात आज कित्येक कार्डे आहेत. बाजारात ज्याची किंमत शून्य, ते हजेरीचे कार्ड मी प्लॅस्टिकच्या पाकिटात सर्वांत वर ठेवले आहे. दोन्ही बाजू दिसतील असे. तुमच्या घरी अशी जुनी कार्डे, काडेपेट्यांची लेबले, स्थानिक सामन्यांची पत्रके असतील, तर रद्दीत घालण्यापूर्वी मागे नाव, गाव आणि साल लिहून ठेवा. आणि वडीलधारे एखादा आकडा सांगू लागले, तर तो आधी टिपून घ्या. पडताळणी मागाहून करता येते.