पोसलेलं गवत

"बाई, गवत पोसलंय का तुम्ही?" शेजारच्या मावशींनी कुंपणापलीकडून विचारलं, तेव्हा मी गुडघे टेकून लव्हाळा उपटत होते. जव्हारला बदली होऊन आले ते पहिलं वर्ष. भाड्याच्या घरापुढे चार खाटा मावतील एवढी जागा होती आणि तिथं हिरवळ करायचीच, असं मी ठरवून टाकलं होतं. गवत गुरांना घालायचं, घरावर शाकारायचं, नाही तर नाचणीतून उपटून फेकायचं, हे मावशींना ठाऊक. यातलं काहीच न करता त्याला पाणी पाजायचं, हे मात्र नवल.

रोपवाटिकेतून आणलेले चटईसारखे तुकडे मी मे अखेरीस अंथरले. इथं अडीच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, हे वर्गात शिकवणं वेगळं आणि दारात बघणं वेगळं. जुलैत चटईखाली पाणी तुंबलं. ती पिवळी पडली, मग काळी. श्रावणात तिच्यावरच्या शेवाळावरून घसरून मी आपटले, एवढाच काय तो तिचा उपयोग.

दुसऱ्या वर्षी बांधावरची हरळी आणली. शेतकरी जिच्या नावानं बोटं मोडतो, तीच. तुटक्या पेरालाही मुळं फुटतात तिच्या. आधी जागेला उतार दिला, मग पहिल्या सरींनंतर वीतवीत अंतरावर पेरं टोचली. महिनाभरात ती एकमेकींच्या गळ्यात पडली. कापायला विळा. वरचा तिसरा हिस्साच कापायचा. पातं पार खरडलं तर मुळाला पोसणार कोण? (गवत कापायचं यंत्र एडविन बडिंग या इंग्रजाला 1830 मध्ये कापडावरचे तंतू कातरणाऱ्या गिरणीतल्या यंत्रावरून सुचलं म्हणतात. हिरवळीकडे कापड म्हणून बघायची खोड तेव्हापासूनचीच असावी.)

हरळीत टाकळा उगवला. मी उपटून ढीग घालत होते, तर मावशी धावत आल्या. "टाकता काय? भाजी हाय ती!" कोवळे शेंडे ओच्यात भरून गेल्या आणि संध्याकाळी वाटीभर भाजी घेऊन परत आल्या. तेव्हापासून निंदणी त्यांच्याकडे. टाकळा संपला की कुर्डू. माझ्या हिरवळीत तण उरलंच नाही, नुसत्या भाज्या उरल्या.

पाऊस सरला की मी हरळीवर चाळलेलं शेणखत पसरायचे. त्याच दिवसांत मावशी आपल्या अंगणातलं गवत मुळासकट खरवडून जमीन चोपायच्या, शेणानं सारवायच्या. दोघीही गुडघ्यांवर. दिवाळी झाली की सारवलेलं अंगण तसंच टाकून, दाराला कुलूप लावून त्यांचं घर वीटभट्टीवर जायचं. थंडीत माझ्या हरळीवर दव पडायचं आणि कौतुकाला कुणी नसायचं.

उन्हाळा आला की मी नळी लावायचे. एकदा एप्रिलमध्ये कामासाठी मोखाड्याच्या एका पाड्यावर गेले. विहिरीत टँकर ओततोय आणि काठावर हंड्यांची रांग, तीत माझ्या वर्गात शोभतील अशा मुली. याच तालुक्यात मध्य वैतरणा धरण आहे. त्याचं पाणी मुंबईला जातं. मुंबईच्या नावानं मनात चार शब्द बोलून घेतले, मग घरची नळी आठवली. त्या संध्याकाळी ती गुंडाळून माळ्यावर टाकली. हरळी आठवड्याभरात तपकिरी झाली. खाली नख खुपसून पाहिलं, तर मुळं पांढरी, जिवंत. मला वाटत होतं तेवढी तिला माझी गरज नव्हतीच.

मे महिन्यात मावशी भट्टीवरून परतल्या. वाळलेलं गवत बघून म्हणाल्या, "राबाला देता का?" विळ्यानं कापून भारा बांधला. उतारावरच्या त्यांच्या तुकड्यात शेण, फांद्या, पालापाचोळा, त्यावर माझं गवत, वर बारीक माती. वाऱ्याच्या उलट बाजूनं पेटवलं, म्हणजे आग सावकाश सरकते, जमीन नीट भाजते, तणाचं बी मरतं.

जूनच्या शेवटी मुद्दाम बघायला गेले. त्या राखेत नाचणीची रोपं उभी होती: दाट, मऊ, एका उंचीची, कडेला कातरल्यासारखी. माझी हिरवळ कधी अशी झाली नव्हती. नकळत पुढे सरकले.

"बाई," मावशी ओरडल्या, "पाय नका ठेवू!"