मार्चमधील वेड

अमेरिकेंतील महाविद्यालयीन बास्केटबॉलच्या स्पर्धेस येथील लोक 'मार्चमधील वेड' असेंच म्हणतात. शिमग्याच्या दिवसांत शहाण्यासवरत्या माणसांनीं वेड्यासारखें वागावें, हें आम्हां कोंकणच्या माणसांस कांहीं नवें नव्हे. म्हणूनच कीं काय, जर्सी सिटींत बिऱ्हाड केल्यावर येथील चालीरीतींपैकीं हीच आम्हीं सर्वांत आधीं उचलली. ६४ संघांचा तक्ता समोर घेऊन ६३ सामन्यांचीं भाकितें करावयाचीं आणि पहिल्या दोन दिवसांतच तीं धुळीस मिळालेलीं पाहावयाचीं, यांत आम्हांस दरसाल अवीट गोडी वाटे.

२०२२ सालीं तर आमच्या गांवचेंच भाग्य उघडलें. सेंट पीटर्स हें येथील लहानसें विद्यापीठ. सोळा संघांच्या गटांत त्यास पंधरावा क्रमांक मिळालेला; म्हणजे पंगतींत अगदीं दाराजवळचें पान! त्या मुलांनीं केंटकीच्या मातबर संघास जादा वेळांत ८५-७९ असें हरविलें. मग मरे स्टेटला, मग पर्ड्यूला. पंधराव्या क्रमांकाचा संघ शेवटच्या आठांत त्यापूर्वीं कधींच पोहोंचला नव्हता. त्या रात्रीं आम्हीं जेवतां जेवतां उठून खरकट्या हातांनीं टाळ्या पिटल्या. पुढें नॉर्थ कॅरोलायनानें त्यांस ६९-४९ असें हरविलें, त्याचें फारसें दुःख झालें नाहीं.

दुःख झालें तें नंतर. थोड्याच दिवसांत त्यांचे शिक्षक शाहीन हॉलोवे सीटन हॉलला गेले, आणि खेळाडूंपैकीं कित्येकांनीं इतर विद्यापीठांची वाट धरली. पूर्वीं संघ बदलणाऱ्यास सामान्यतः एक वर्ष बसून काढावें लागे. २०२१ सालीं तें बंधन सैल झालें, आणि त्याच वर्षीं आपल्या नांवावर पैसे मिळविण्याची मोकळीकही खेळाडूंस मिळाली. हा अन्याय झाला, असें म्हणण्याची आमची छाती होत नाहीं. शिक्षक अधिक वेतनासाठीं पूर्वींपासून जातच होते. शिवाय पगारासाठीं राजापूर सोडून मुंबई आणि मुंबई सोडून हडसन नदीचा कांठ ज्यांनीं गांठला, त्या आम्हीं विशीच्या पोरांस एकनिष्ठेचा उपदेश कोणत्या तोंडानें करावा?

तरीही मन मानीत नाहीं. पहिल्या वर्षीं ज्याच्या हातून चेंडू निसटे तोच पोर चौथ्या वर्षीं संघाचा आधार झालेला पाहणें, हाच आमच्या वेडाचा गाभा होता. स्पर्धा हें त्याचें केवळ उद्यापन.

२०२५ सालीं शेजाऱ्यानें नेहमींप्रमाणें तक्ता आणून दिला. बहुतेक संघांतील एकाही खेळाडूचें नांव आम्हांस आठवेना. अखेर शेजारधर्म म्हणून, चारही गटांतील पहिल्या क्रमांकाचेच संघ पुढें सरकवून आम्हीं तो कागद परत केला. शेवटच्या चारांत नेमके तेच चार संघ आले! असें अचूक भाकीत आमच्या हातून पूर्वीं कधींच झालें नव्हतें. शेजाऱ्यानें मोठ्या कौतुकानें पेढे मागितले. आम्हीं दिलेही, पण स्वतः एकही खाल्ला नाहीं.