चणाक, तारले आणि पिंजरा

गोव्यात मासळीचा दर हा हवामानासारखा विषय आहे. दोन माणसे भेटली की पाच मिनिटांत इसवणाचा भाव निघतोच. ऑफिसात दुपारचे डबे उघडले की आमचेही तेच. 'पूर्वी काय नुस्ते मिळायचे!' असे एक जण म्हणतो आणि बाकीचे माना डोलावतात. अलीकडे या गप्पांत एका नव्या वाक्याची भर पडली आहे, 'आता समुद्रातच मासळीची शेती केली पाहिजे.'

कल्पना खुळी नाही. २०२२ साली जगात पाळून वाढवलेल्या जलचरांचे उत्पादन पकडलेल्यांपेक्षा पहिल्यांदाच जास्त भरले, सुमारे ९ कोटी ४४ लाख टन. नॉर्वेत १९७० साली हित्रा बेटावर दोघा भावांनी तरंगत्या जाळ्यात सॅल्मन वाढवून दाखवला. आज तो देश वर्षाला १५ लाख टनांच्या आसपास सॅल्मन काढतो. आपल्याकडे २००७ साली केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने विशाखापट्टणमच्या समुद्रात पहिला पिंजरा सोडला. पुढे आपल्या शेजारी कारवारलाही चणाक आणि मोडसो पिंजऱ्यात वाढू लागले. चणकाची पिल्ले हॅचरीत तयार करण्याचे तंत्र चेन्नईच्या संस्थेला १९९७ साली साधले, मोडशाचे मंडपमला २०१० साली. म्हणजे बी आहे, पिंजरा आहे, आणि खाणारे तर आपण आहोतच! २०१८ च्या जुलैत फॉर्मेलिनच्या बातमीने आपल्या ताटातला मासा कसा काही दिवस गायब झाला होता, ते कोणी विसरलेले नाही. डोळ्यांसमोर वाढलेली मासळी मिळाली तर कोणाला नको आहे?

आणि गोमंतकीयाला मासळी राखणे काही नवीन नाही. आपल्या खाजनांत पिढ्यान्‌पिढ्या हेच चालत आले. भरतीच्या पाण्याबरोबर सुंगटे, शेवटे, काळुंदर आत यायची, पोयीत वाढायची आणि ओहोटीला मानशीच्या तोंडाशी जाळे लावून ती धरायची. खायला घालायचा खर्च शून्य! पण याच खाजनाची दुसरी गोष्टही लक्षात ठेवली पाहिजे. मानशीचा लिलाव व्हायचा. लिलाव घेणाऱ्याचा डोळा मासळीवर, शेतकऱ्याचा भातावर. जास्त मासळीच्या लोभाने खारे पाणी वाजवीपेक्षा जास्त आत घेतले गेले, बांध खचले, आणि कितीतरी शेते कायमची खारट झाली. पाणी एकच, पण त्यावर पोट भरणारे दोन. ज्याच्या हातात दार, त्याचे फावले.

समुद्रातल्या पिंजऱ्याचा विचार करताना मला ही मानस आठवते.

पहिला प्रश्न खाण्याचा. चणाक हा मांसाहारी मासा. त्याला ओली मासळी घालून वाढवायचे तर एक किलो चणकामागे चार-पाच किलो किंवा त्याहूनही जास्त मासळी लागते. ही मासळी कुठली? बहुतेक वेळा तारले आणि तसलाच स्वस्त माल. म्हणजे गरिबाच्या हुमणातले तारले पिंजऱ्यात जायचे आणि त्याचा चणाक होऊन हॉटेलच्या ताटात यायचा! तयार खाद्याने हे प्रमाण बरेच सुधारते, हे खरे. नॉर्वेने १९९० नंतर सॅल्मनच्या खाद्यातला मासळीचा वाटा खूप कमी केला आणि सोयाबीनसारखा वनस्पतींचा वाढवला. पण त्या खाद्याला पैसे पडतात, आणि छोट्या रापणकाराच्या खिशात ते नसतात.

दुसरा प्रश्न पावसाचा. जून ते सप्टेंबर आपला अरबी समुद्र पिंजऱ्याला दयामाया दाखवत नाही. आडोशाच्या जागा मोजक्याच, आणि नेमक्या त्याच जागी होड्या लागतात, रापण ओढली जाते.

त्यातूनच तिसरा आणि खरा प्रश्न उभा राहतो, जागा कोणाची? आमच्या दारावर येणाऱ्या नुस्तेंकान्नीला मी एकदा पिंजऱ्यांविषयी विचारले. टोपली उतरवत ती एवढेच म्हणाली, "बाब, दर्या कोणाच्या बापायचो न्हय." मला हे वाक्य कुठल्याही अहवालापेक्षा स्पष्ट वाटले. सत्तरच्या दशकात ट्रॉलर किनाऱ्याजवळ घुसले तेव्हा रापणकार रस्त्यावर उतरले, माथानी साल्ढाणांसारखे नेते त्या लढ्यातून पुढे आले, आणि १९८० साली सागरी मासेमारी नियमनाचा कायदा झाला. ट्रॉलरही त्या काळी प्रगती म्हणूनच आले होते. यंत्र वाईट नव्हते. ते कोणाच्या हातात गेले आणि कोणाच्या पाण्यात फिरले, तिथे सगळे बिघडले.

माझे आयुष्य फायली पुढे सरकवण्यात गेले. योजना कागदावर नेहमी देखणीच असते. लाभार्थी कोण, या एका रकान्यात तिचे खरे रूप कळते. समुद्राचा तुकडा लीजवर द्यायचाच असेल तर त्या रकान्यात पहिले नाव त्या वाड्यावरच्या रापणकारांच्या संस्थेचे हवे. ज्याच्याकडे भांडवल आहे पण ज्याचे पाय कधी वाळूत भिजले नाहीत, त्याचे नंतर.

आणि सुरुवात चणकानेच का? शिनाणे आणि कालवे यांना खाद्य घालावे लागत नाही, पाण्यातले सूक्ष्म जीव गाळून ती वाढतात. केरळात कासरगोडच्या पडन्ना भागात बायकांच्या बचत गटांनी खाडीत दोरांवर शिनाण्यांची शेती करून दाखवली आहे. भांडवल थोडे, पीक काही महिन्यांत, आणि पाऊस येण्याआधी माल बाहेर. आपल्या खाड्या काय वेगळ्या आहेत?

समुद्रात शेती जरूर व्हावी. पण शेत म्हटले की कूळ आले, आणि कुळाच्या हक्कासाठी गोव्याने किती वर्षे घालवली ते आपल्याला ठाऊक आहे. पाण्यावर तीच लढाई पुन्हा लढायची वेळ आणू नये. कसेल त्याची जमीन म्हणालो, तर वल्हवील त्याचे पाणी असेही म्हणायला शिकूया.